तव्यानं घालवलं, गळानं राखलं!

अमेरिकेच्या लुइझियाना किनाऱ्यावर ‘रेडफिश’ पकडण्यासाठी पर्यटक काहीशे डॉलर मोजतात आणि हाती लागलेल्या माशांतले कित्येक परत पाण्यात सोडून देतात. हा वेडेपणा वाटत असेल, तर त्यामागची एका तव्याची, एका बंदीची आणि हजारो पोटांची गोष्ट ऐकायलाच हवी.

मासा पकडायचा, फूटपट्टीनं मोजायचा आणि परत पाण्यात सोडायचा! मालवणच्या एखाद्या जुन्या रापणकराला हे सांगितलं, तर तो सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप बघेल. आपल्याकडे मासा म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला : कालवण की तळलेला? पण न्यू ऑर्लिन्स शहराच्या दक्षिणेला, जिथे मिसिसिपी नदी मेक्सिकोच्या आखाताला मिळते, तिथे या सोडून देण्यावर शेकडो घरांच्या चुली पेटतात.

हा मुलूख म्हणजे आपल्या खाजणाचा थोरला भाऊ. मैलोन् मैल पसरलेलं पाणगवत, त्यातून वाट काढणाऱ्या उथळ खाड्या, भरती-ओहोटीबरोबर उघडझाप करणारी पाण्याची डबकी. व्हेनिस, होपडेल, डेलाक्रॉ, ग्रँड आइल अशी इथल्या वस्त्यांची नावं. यातलं व्हेनिस इटलीतलं नव्हे. नदीकाठानं जाणारा रस्ता जिथे संपतो, तिथलं हे छोटंसं बंदर. पुढे फक्त पाणी.

या पाण्याचा राजा म्हणजे रेडफिश, ऊर्फ ‘रेड ड्रम’. तांब्याच्या भांड्यासारखा रंग आणि शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका. शत्रू या ठिपक्याला डोळा समजून फसतो, असं मानतात. नावातला ‘ड्रम’ही उगाच आलेला नाही. विणीच्या हंगामात नर पोटातल्या हवेच्या पिशवीजवळचे स्नायू थरथरवून ढोल घुमावा तसा आवाज काढतात. आपला ढोमा आणि मौल्यवान घोळ हे याच कुळातले. म्हणजे नात्यानं हा परदेशी पाहुणा आपल्या घोळीचा लांबचा चुलतभाऊच!

दहा वाजता, चाळीस फुटांवर!

रेडफिशच्या सहलीची सुरुवात उजाडताना होते. बोट, गळाच्या काठ्या, आमिष, बर्फ हे सगळं गाइडचं. पाहुण्यानं मासेमारीचा परवाना, टोपी आणि खाण्याचा डबा घेऊन यायचं. गाइडला तिथे ‘कॅप्टन’ म्हणतात आणि ही पदवी फुकट मिळत नाही. पैसे घेऊन प्रवासी न्यायचे, तर अमेरिकी तटरक्षक दलाचा परवाना लागतो. त्यासाठी ३६० दिवसांचा बोटीवरचा अनुभव, लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण. या परवान्यावर जास्तीत जास्त सहाच प्रवासी नेता येतात, म्हणून त्याचं बोलीतलं नाव ‘सिक्स-पॅक’. याशिवाय राज्य सरकारचा गाइड परवाना वेगळा.

बोट सपाट तळाची. फूटभर पाण्यातही ती तरंगते. खाजणात शिरल्यावर कॅप्टन इंजिन बंद करतो, मागच्या उंच चौथऱ्यावर उभा राहतो आणि लांब काठीनं बोट ढकलू लागतो. आवाज नाही, बोलणं नाही. इथे मासा आधी डोळ्यांनी शोधायचा असतो. पाण्यावरची चकाकी कापणारा चष्मा लावून कॅप्टन पाणी वाचत राहतो. बोयचा थवा अचानक का उसळला? काठचं गवत वारा नसताना का हललं? रेडफिश चिखलातले खेकडे उकरायला डोकं खाली घालतो, तेव्हा उथळ पाण्यात त्याची शेपटी वर येऊन डुलते. ती दिसली, की कॅप्टन दबक्या आवाजात घड्याळाची भाषा बोलतो, ‘‘दहा वाजता, चाळीस फूट!’’ बोटीचं नाक म्हणजे बारा. त्या हिशेबानं डाव्या अंगाला आमिष टाकायचं. तेही माशाच्या थोडं पुढे. नेमकं डोक्यावर पडलं, तर तो पसार!

नवख्यांसाठी सोपी पद्धतही आहे. दोरीला बूच लावायचं, खाली जिवंत कोळंबी लटकवायची आणि काठीला झटके देत राहायचं. बुचाचा डुबुक डुबुक आवाज ऐकून मासा चौकशीला येतो. मग दोरी ताणली जाते, रीळ किंचाळू लागतं आणि शहरातून आलेली दहा वर्षांची मुलगीसुद्धा पाय रोवून उभी राहते.

मासा बोटीत आला, की आधी मोजपट्टी. लुइझियानात १८ ते २७ इंच, म्हणजे साधारण ४६ ते ६९ सेंटिमीटर, एवढ्याच लांबीचा रेडफिश ठेवता येतो. त्याहून लहान असो की मोठा, त्याला सोडायचं. तेही ओल्या हातानं धरून, पाण्यात आडवं ठेवून, त्याच्या शेपटीत जोर येईपर्यंत आधार देऊन. ठेवलेले मासे संध्याकाळी धक्क्यावर कॅप्टनच कापून देतो. या माशाचे खवले इतके जाड, की ते न काढताच तुकडी निखाऱ्यावर ठेवतात. खवल्यांचीच थाळी होते आणि मांस वरच्या वर शिजतं.

लालबुंद तव्याची लाट

आता कळीचा प्रश्न. ही मोजपट्टी आली कुठून?

त्याचं उत्तर एका स्वयंपाकघरात सापडतं. पॉल प्रुडॉम हा लुइझियानाचा गोलमटोल, हसतमुख बल्लवाचार्य. १९७९ मध्ये त्यानं आणि त्याच्या पत्नीनं न्यू ऑर्लिन्समध्ये ‘के-पॉल्स लुइझियाना किचन’ हे छोटं रेस्टॉरंट काढलं. तिथे त्यानं एक पदार्थ सुरू केला. रेडफिशची तुकडी वितळलेल्या लोण्यात बुडवायची, तिला तिखट, मिरी आणि सुक्या पाल्याच्या मसाल्यात घोळवायचं आणि धूर सुटेपर्यंत तापवलेल्या बिडाच्या तव्यावर टाकायची. बाहेरून काळी, आतून लुसलुशीत. ‘ब्लॅकन्ड रेडफिश’!

आपल्या मालवणी बायकांना यात नवल वाटणार नाही. अमेरिकेला मात्र या पदार्थानं वेड लावलं. रेस्टॉरंटबाहेर रांगा लागल्या. देशभरातल्या हॉटेलांनी नक्कल केली. कालपर्यंत ज्या माशाला किनाऱ्याबाहेर फारसं कुणी विचारत नव्हतं, त्याला सगळीकडून मागणी आली.

आणि जाळी निघाली. मोठे रेडफिश खोल समुद्रात थव्यानं फिरतात. छोट्या विमानांतून टेहळणी करून हे तांबूस थवे हेरायचे आणि प्रचंड जाळ्यांचा वेढा घालून अख्खा थवा उचलायचा, असा सपाटा १९८० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाला.

यातली खरी मेख माशाच्या जीवनक्रमात आहे. रेडफिश समुद्राच्या तोंडाशी अंडी घालतो. पिल्लं भरतीबरोबर खाजणात येतात, तीन-चार वर्षं तिथे वाढतात आणि वयात आली, की समुद्रातल्या थव्याला मिळतात. आखातात हा मासा चाळीस वर्षांपर्यंत जगू शकतो. म्हणजे जाळ्यात सापडलेला एकेक थवा हा कित्येक वर्षांच्या विणीचा साठा होता. व्याज सोडून मुद्दलालाच हात घातला गेला!

कुणाची सुटका, कुणाची उपासमार?

हौशी गळवाले आधीपासूनच ओरडत होते. १९७७ मध्ये टेक्सासच्या ह्यूस्टन शहरात काही मंडळींनी एकत्र येऊन संघटना काढली. १९८१ मध्ये टेक्सासनं समुद्रातून पकडलेल्या रेडफिशच्या विक्रीवर बंदी घातली. १९८६ मध्ये अमेरिकी सरकारला तातडीनं पाऊल उचलून आखातातली मोठी जाळी रोखावी लागली. १९८८ मध्ये लुइझियानानंही रेडफिशला ‘गेम फिश’, म्हणजे फक्त गळानं पकडायचा मासा, ठरवलं. पुढे २० ऑक्टोबर २००७ रोजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी केंद्राच्या अखत्यारीतल्या समुद्रातले रेडफिश विकायला मनाई करणाऱ्या आदेशावर सही केली. आज अमेरिकेतल्या हॉटेलांत मिळणारा रेडफिश बहुतेक तळ्यांत वाढवलेला असतो.

मासा वाचला. पण नाण्याची दुसरी बाजूही बघायला हवी. खाजणात पिढ्यान् पिढ्या जाळी लावणाऱ्या कुटुंबांचं काय? १९९५ मध्ये फ्लोरिडात जनतेच्या कौलानं जाळ्यांवर बंदी आली, तर लुइझियानानं कायदा करून गिल जाळ्यांना आवर घातला. शहरातल्या पैसेवाल्यांच्या हौसेसाठी आमच्या पोटावर पाय दिला, ही कोळ्यांची तक्रार तेव्हापासून आजतागायत आहे आणि ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. काहींनी कोळंबी, खेकडे, कालवं यांवर गुजराण केली. काहींनी धंदाच सोडला. काहींनी मात्र तीच होडी, तेच पाण्याचं ज्ञान घेऊन पाहुणे न्यायला सुरुवात केली. बाजारात मासा एकदाच विकला जातो. सोडून दिलेला मासा पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पाहुण्याच्या गळाला लागू शकतो, हे गणित त्यांना उमगलं.

गाइडची कमाईही बिनघोर नाही. ऑगस्ट २००५ मधल्या कॅटरिना वादळानं या वस्त्या धुऊन नेल्या. २० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहिरीवर स्फोट होऊन ११ कामगार ठार झाले आणि आखातात तेल पसरलं. ऐन हंगामात मासेमारी बंद पडली. तेव्हा कित्येक कॅप्टनांनी आपल्या बोटी तेल अडवण्याच्या कामाला लावून दिवस काढले.

आता गळालाही लगाम

इथपर्यंत गोष्ट सुखान्त वाटते. पण २०२२ मध्ये लुइझियानाच्या शास्त्रज्ञांनी रेडफिशचा हिशेब मांडला, तेव्हा धक्का बसला. मासेमारी अजिबात नसती तर जेवढे तरुण मासे खाजणातून समुद्रात गेले असते, त्याच्या निदान ३० टक्के तरी जायला हवेत, अशी राज्याची मर्यादा आहे. प्रत्यक्ष प्रमाण त्याखाली घसरलं होतं. या वेळी बोट दाखवायला हॉटेलांची जाळी नव्हती. हौशी गळांचीच संख्या भारी पडू लागली होती. मेनहेडन या तेलकट माशांसाठी लावलेल्या मोठ्या जाळ्यांत थोराड रेडफिशही मरतात, हा गाइड मंडळींचा आक्षेप आहे आणि त्यावरून तिथे वाद पेटलेलाच आहे. तरी स्वतःचा वाटा नाकारणं गळवाल्यांना शक्य नव्हतं.

२० जून २०२४ पासून नवे नियम आले. माणशी पाच माशांची मर्यादा चारवर आली. किमान लांबी १६ इंचांवरून १८ इंच झाली. पूर्वी २७ इंचांवरचा एक मोठा मासा ठेवता यायचा, तोही बंद. शिवाय सहलीवर असताना कॅप्टन आणि मदतनीस यांना स्वतःच्या नावावर एकही मासा ठेवता येत नाही. हिशेब करून पाहा. चार पाहुणे आणि एक कॅप्टन अशी बोट पूर्वी २५ मासे आणू शकायची, आता फक्त १६. बर्फाची पेटी भरून नेणं हीच ज्यांची सहल, ती गिऱ्हाइकं नाराज होणारच. पण साठा खचला, तर उद्या सहलच उरणार नाही, हेही कॅप्टन मंडळी जाणतात.

त्याहून मोठा घोर पायाखालच्या जमिनीचा. नदीला बांध घातल्यानं गाळ येणं थांबलं, तेलासाठी कालवे खणले गेले, जमीन खचत गेली, समुद्र चढत गेला. १९३२ पासून लुइझियानानं सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर किनारभूमी गमावली आहे. म्हणजे बृहन्मुंबईच्या आठपट! ज्या गवतात रेडफिशची पिल्लं वाढतात, तेच गवत पाण्याखाली जात आहे. कोणतीही मोजपट्टी याला पुरी पडणार नाही.

आणि आपली घोळ?

सातासमुद्रापलीकडची ही गोष्ट आपल्या दाराशीही येऊन ठेपते. रेडफिशला तव्यानं घेरलं, तर त्याच्या कुळातल्या आपल्या घोळीला तिच्या बोतानं. पोटातल्या या हवेच्या पिशवीला पूर्वेकडच्या देशांत सोन्याचा भाव येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका होडीला १५७ घोळ मासे लागले आणि त्यांचे सव्वा कोटींहून अधिक रुपये आले, ही बातमी देशभर गाजली. गुजरातनं २०२३ मध्ये घोळीला राज्यमासा केलं. मात्र एवढा भाव मिळणारा मासा जगवायचा, तर नुसता मान पुरेसा नाही.

महाराष्ट्रातही मोजपट्टी आली आहे. पावसाळ्यातली मासेमारी बंदी जुनीच. २०२३ मध्ये राज्यानं ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटची ती १३५ मिलिमीटर आहे. पण आपला कोळी हा पर्यटकांच्या डॉलरवर जगत नाही. लहान मासा सोडताना त्याच्या घरचं आजचं तेल-मीठ पणाला लागतं. म्हणून लुइझियानाची नक्कल करून भागणार नाही. नियमाचा भार एकट्या होडीवर टाकला, की काय होतं, हे तिथल्या जाळीवाल्यांनी भोगलं आहे.

भार वाटून घ्यायचा, तर गिऱ्हाइकानंही हात लावायला हवा. तळहाताएवढं पापलेट स्वस्तात मिळतं म्हणून घ्यायचा मोह बाजारात प्रत्येक घराला होतो. त्याला विणीची एक तरी संधी मिळालेली नसते. कोळणीच्या पाटीतल्या त्या पिल्लांना कुणी हातच लावला नाही, तर पुढच्या खेपेला ती पाटीत येणार नाहीत. त्यासाठी बोट नको, परवाना नको. आठवड्याचा बाजार करणारी गृहिणी हे आजपासून करू शकते.