मिळून शिकण्याचें साधन : लेखी चर्चा

विद्या दिल्यानें वाढते, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु ती देण्याघेण्याची रीत कोणती, ह्याचा विचार फारसा होत नाहीं. वर्गांत शिक्षक प्रश्न विचारतात, दोनचार धीट मुलें हात वर करितात, उत्तर मिळतें व धडा पुढें सरकतो. बाकीच्या मुलांच्या मनांत जें आलें असेल तें मनांतच राहतें. संगणकांच्या जाळ्यामुळें ही उणीव भरून काढण्याचें एक साधन आतां हातीं आलें आहे. त्याचें स्वरूप, उपयोग व धोके आमच्या विद्यार्थ्यांस, आणि त्याहूनहि अधिक त्यांच्या पालकांस, कळावे म्हणून हा लेख लिहीत आहों.

कल्पना मुळांत नवी नाहीं. १८४८ सालीं मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं आपली एक सभा स्थापन केली. तींत सभासदांनीं निबंध वाचावे व इतरांनीं त्यांवर चर्चा करावी, असा क्रम असे. तिच्या मराठी व गुजराथी शाखा निघाल्या, आणि पुढल्याच वर्षीं त्याच तरुणांनीं मुलींच्या शाळा उघडल्या. एकत्र विचार करूं लागलेलीं मुलें केवळ विचारावरच थांबत नाहींत, ह्याचा हा उत्तम दाखला होय. मात्र अशा सभेस सर्वांनीं एका वेळीं एका ठिकाणीं जमावें लागे. ही अडचण दूर करण्याचें काम यंत्रानें केलें. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत १९७३ सालीं ‘प्लेटो’ नांवाच्या शिक्षणयंत्रणेवर अशी सोय झाली कीं, एकानें लिहिलेल्या टिपणाखालीं दुसऱ्यानें सवडीनें आपलें उत्तर लिहावें व तें सर्वांस वाचतां यावें. आजचीं बहुतेक साधनें ह्याच तत्त्वावर चालतात.

१९८० नंतरच्या दशकांत कॅनडांतील मार्लीन स्कार्डामालिया व कार्ल बेरायटर ह्या दोघां शिक्षणशास्त्रज्ञांनीं शाळकरी मुलांसाठीं ह्याचा विशेष विचार केला. त्यांच्या योजनेंत मुलानें टिपण लिहितांना आरंभींच तें कोणत्या प्रकारचें आहे हें सांगावयाचें असतें : ‘माझी समजूत अशी’, ‘मला हें समजून घ्यावयाचें आहे’, ‘ही नवी माहिती’, ‘ह्या समजुतीनें अमुक गोष्ट उलगडत नाहीं’. दिसावयास ही साधी युक्ति आहे. परंतु तिच्यामुळें ‘मला ठाऊक नाहीं’ असें म्हणणें ही लाज न राहतां चर्चेचा आरंभ ठरतें.

हें प्रत्यक्षांत कसें घडतें तें आपल्याच शिवारांतील एका प्रश्नावरून पाहूं. शिक्षकांनीं असें विचारलें असें समजा : ‘रब्बीची ज्वारी पावसाळा सरतां सरतां पेरितात, पुढें पाऊस जवळजवळ नसतो, मग ती पिकते कशी?’ एक मुलगा लिहितो, ‘माझी समजूत अशी कीं, ती थंडींतल्या दंवावर वाढते.’ दुसरी मुलगी त्याखालीं लिहिते, ‘दंव तर काळ्या रानावर व मुरमाड माळावर सारखेंच पडतें, मग माळावर तसें पीक कां येत नाहीं?’ येथें पहिली समजूत डळमळते. तिसरा आजोबांस विचारून येतो व कळवितो कीं, काळी जमीन पावसाचें पाणी पोटांत धरून ठेविते. चौथीस शंका येते : ‘काळ्या रानास भेगा पडतात, त्यांतून ओल उडून जात नाहीं काय?’ उत्तर पांचव्याच्या घरींच असतें : कोळपणी केली म्हणजे भेगा बुजतात व ओल टिकते. सरतेशेवटीं शिक्षक मातीच्या सूक्ष्म कणांची गोष्ट सांगतात, आणि सोलापुरास १९३३ पासून कोरडवाहू शेतीचें संशोधन चालत आलें आहे तें ह्याच प्रश्नासाठीं, हेंहि सांगतात. एकट्यास पुरतें उत्तर ठाऊक नव्हतें; सर्वांनीं मिळून तें उभें केलें. असें मिळविलेलें ज्ञान पाठांतराप्रमाणें परीक्षेनंतर विसरत नाहीं.

आमच्या वळसंगासारख्या गांवीं ह्या रीतीचें महत्त्व अधिकच आहे. सोलापूर-अक्कलकोटच्या ह्या टापूंत कित्येक मुलांची घरची भाषा कानडी, तर कित्येकांची उर्दू किंवा तेलुगु. शाळेंत मात्र मराठी बोलावें लागतें. असें मूल वर्गांत गप्प बसलें म्हणजे तें मंद आहे असा आपण चट्कन ग्रह करून घेतों. वस्तुतः त्यास विचार सुचत नाहीं असें नव्हे, तर वाक्य जुळवावयास वेळ पुरत नाहीं. लेखी चर्चेंत तो वेळ मिळतो. चारचौघांत बोलावयास संकोचणाऱ्या मुलीचीहि तीच गोष्ट.

आपल्या जिल्ह्यानें ह्या क्षेत्रांत जगास दाखविण्याजोगें काम केलें आहे. माढें तालुक्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले ह्यांस २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लक्ष डॉलरांच्या त्या बक्षिसाचा अर्धा भाग त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिला. परस्परांशीं वैर असलेल्या देशांतील मुलांची जाळ्यावरून ओळख करून देऊन त्यांस एकमेकांशीं बोलावयास लावणें, हाहि त्यांच्या उपक्रमांपैकीं एक होता. भारत व पाकिस्तान, इस्रायल व पॅलेस्टाइन येथील मुलें अशा रीतीनें एकत्र आलीं.

परंतु साधन उत्तम असलें तरी तें वापरणारा सावध पाहिजे. एकानें लिहावें व बाकीच्यांनीं ‘बरोबर’ म्हणून मोकळें व्हावें, ह्यास चर्चा म्हणत नाहींत. दुसऱ्याचें उत्तर उतरून घेणें ही तर चोरीच. समोर तोंड दिसत नसल्यामुळें कठोर शब्द सहज लिहिला जातो, व लिहिलेला शब्द टिकून राहतो. म्हणून मतास विरोध करावा, माणसाचा उपहास करूं नये. आपला पत्ता, दूरध्वनीचा क्रमांक वा छायाचित्र परक्यांस कधींहि देऊं नये. आणि शिक्षकांची नजर चर्चेवर नित्य असावी.

पालकांस आमची एक नम्र विनंति आहे. पुष्कळ घरीं मोबाइल एकच असतो, आणि तो मुलीच्या हातीं सर्वांच्या शेवटीं येतो. २०२० सालीं साथीमुळें शाळा बंद पडल्या, तेव्हां ह्या भेदाची किंमत मुलींनीं किती दिली हें आपण पाहिलें आहे. अभ्यासाच्या अर्ध्या तासापुरता तरी तिचा हक्क मुलाच्या बरोबरीनें मानावा. जेथें यंत्र मुळींच नाहीं तेथेंहि अडून बसण्याचें कारण नाहीं. एक कोरी वही वर्गांत ठेवून तिच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहावा, व आठवडाभर प्रत्येकानें त्याखालीं भर घालावी. तत्त्व तेंच आहे.

प्रभु येशू बारा वर्षांचा असतांना मंदिरांत गुरुजनांमध्यें बसून त्यांचें ऐकत होता व त्यांस प्रश्न विचारीत होता, असें शुभवर्तमानांत सांगितलें आहे. ऐकणें आणि विचारणें, हीं दोन्हीं ज्यास साधलीं त्यास शिकण्याचा मार्ग सांपडला. विद्यार्थीमित्रहो, पुढील प्रश्न तुम्ही विचारा. उत्तर आपण सर्व मिळून शोधूं.