विश्लेषण : स्मार्टवॉचमधल्या सिमसाठी स्वस्त प्लॅन कोणता? प्रीपेड ग्राहकांचा खर्च नेमका कुठे वाढतो?

साकीनाका मेट्रो स्थानकाचे जिने उतरून अंधेरी-कुर्ला रस्त्यावर आले की मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानांत ‘कॉलिंग वॉच’ हमखास दिसते. दीड-दोन हजारांत मिळणारे हे घड्याळ मनगटावरून फोन लावते खरे, पण त्याला स्वतःचे नेटवर्क नसते. ते ब्लूटूथवर चालते आणि फोन खिशात किंवा त्याच खोलीत असेल तोवरच कामाचे. खैरानी रोडवरच्या गाळ्यात मशिनवर उभे राहणाऱ्याने फोन बाहेर बॅगेत ठेवला किंवा पवई तलावाकाठी धावायला जाणाऱ्याने तो घरीच ठेवला, की हे घड्याळ फक्त वेळ दाखवते. त्यामुळे अनेक जण आता ‘सेल्युलर’ म्हणजे स्वतःचे सिम असलेल्या घड्याळाची चौकशी करतात. तिथे पहिला प्रश्न येतो तो महिन्याच्या प्लॅनचा. दुकानदार घड्याळाची किंमत सांगतो, प्लॅनचे ‘कंपनीला विचारा’ म्हणतो.

सेल्युलर घड्याळ म्हणजे नेमके काय?

याचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचे पैशाचे गणित पूर्ण वेगळे आहे. ॲपल वॉच किंवा सॅमसंग गॅलेक्सी वॉचच्या एलटीई मॉडेलमध्ये ई-सिम असते. घड्याळाला आपलाच फोन नंबर मिळतो. कुणी फोन केला की मोबाइल आणि घड्याळ दोन्ही वाजतात. नेटवर्कच्या लेखी घड्याळ ही वेगळी जोडणी असते, पण ती मुख्य नंबराला बांधलेली असते. त्यामुळे फोन आणि घड्याळ एकाच कंपनीच्या नेटवर्कवर असावे लागतात. फोन एका कंपनीचा आणि घड्याळाचा स्वस्त प्लॅन दुसऱ्या कंपनीचा, अशी सोय या प्रकारात नाही.

दुसरा प्रकार छोटे नॅनो सिम घालायच्या घड्याळांचा. फायर-बोल्टने जानेवारी २०२४ मध्ये ५,९९९ रुपयांना आणलेले ‘ड्रीम’ हे अँड्रॉइड घड्याळ त्यातलेच. लहान मुलांची बहुतेक फोन-घड्याळेही याच जातीची. यांना स्वतंत्र नंबर आणि अर्थातच स्वतंत्र रिचार्ज लागतो.

भारतात हे कधीपासून?

मे २०१८ पासून. ११ मे रोजी ॲपल वॉच सीरिज ३ चे सेल्युलर मॉडेल जिओ आणि एअरटेलमार्फत विक्रीला आले. जिओने ‘जिओएव्हरीव्हेअरकनेक्ट’ या नावाने ही सेवा जादा पैसे न घेता दिली. लगेच वादही झाला. जिओच्या ई-सिम व्यवस्थेत परवान्याच्या अटी मोडल्याची तक्रार एअरटेलने दूरसंचार विभागाकडे केली, जिओने आरोप फेटाळले. त्याच महिन्यात विभागाने ई-सिमबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि रस्ता मोकळा झाला.

मग अडचण कुठे?

प्रीपेडमध्ये. एकाच नंबराची ही सेवा मोबाइल कंपन्या प्रामुख्याने पोस्टपेड ग्राहकांपुढे ठेवतात. एअरटेलची घड्याळ-सेवा पोस्टपेडवाल्यांसाठी आहे. देशातले बहुसंख्य ग्राहक मात्र प्रीपेड वापरतात. म्हणजे ‘घड्याळाचा प्लॅन किती रुपयांचा’ हा प्रश्नच अर्धवट आहे. विचारायचे ते असे, की घड्याळासाठी मुख्य नंबर पोस्टपेड केला तर वर्षाला किती जास्त जातील?

जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचे आकडे धरून हिशेब मांडू. एअरटेलचे ८४ दिवसांचे, रोज दीड जीबीचे प्रीपेड रिचार्ज ८५९ रुपयांचे. वर्षाचा खर्च साधारण ३,७३३ रुपये. पोस्टपेडचा प्राथमिक प्लॅन ४४९ रुपयांचा. इथे एक गोष्ट हमखास निसटते. प्रीपेडच्या छापील दरात जीएसटी धरलेला असतो, पोस्टपेडच्या दरावर तो १८ टक्के वेगळा लागतो. म्हणजे ४४९ चे बिल ५२९ रुपये ८२ पैसे होते आणि वर्षाचे ६,३५८ रुपये. फरक २,६२५ रुपयांचा. जिओमध्ये ८४ दिवसांचे दीड जीबीचे रिचार्ज ७९९ रुपयांचे, वर्षाला ३,४७२ रुपये. पोस्टपेड ३४९ रुपये अधिक जीएसटी, वर्षाला ४,९४२ रुपये. फरक १,४७० चा. शिवाय या पोस्टपेडमध्ये महिन्याला ३० जीबी डेटा आहे, तर रोजचे दीड जीबी महिन्याला ४५ होतात.

घड्याळाच्या किमतीतला फरकही यातच मिळवायला हवा. ॲपल वॉच सीरिज १० चे साधे मॉडेल बाजारात आले तेव्हा ४६,९०० रुपयांना होते, सेल्युलर ५६,९०० ला. सॅमसंगच्या गॅलेक्सी वॉच ६ मध्ये ही तफावत चार हजारांची होती : २९,९९९ आणि ३३,९९९. एअरटेलच्या प्रीपेड ग्राहकाने सेल्युलर ॲपल वॉच घेऊन तीन वर्षे वापरले, तर फोन घरी ठेवण्याच्या सोयीची किंमत १७,८७५ रुपये होते. घड्याळ-सेवेचे वेगळे शुल्क असेल तर ते याच्या वर.

यातून स्वस्तातली वाट कोणती?

एकट्यासाठी फारशी नाही. कुटुंबासाठी आहे, आणि तिचा विचार फारच कमी लोक करतात. जिओच्या ४४९ रुपयांच्या पोस्टपेडमध्ये प्रत्येकी १५० रुपयांत आणखी तीन सिम जोडता येतात. चार जणांचे ८९९ रुपये, जीएसटीसह १,०६१. माणशी २६५ रुपये. ७९९ च्या प्रीपेडचा महिन्याचा खर्च माणशी २८९ रुपये पडतो. म्हणजे चौघांच्या घरात पोस्टपेड उलट स्वस्त पडते. डेटाची मेख मात्र आहे : मुख्य सिमला ७५ जीबी आणि जोडसिममागे पाच, म्हणजे चौघांत मिळून ९०. घरी वायफाय असेल तर ठीक. नसेल तर कॉलेजात जाणारा एक मुलगाच तो संपवेल. घड्याळ-सेवा जोडसिमवरच्या नंबरालाही मिळते की फक्त मुख्य नंबराला, हे गॅलरीत जाऊन आधी विचारून घ्यावे.

वेगळ्या सिमचे घड्याळ परवडते का?

फक्त बोलण्यासाठी हवे असेल तर हो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २३ डिसेंबर २०२४ रोजी नियम बदलून कंपन्यांना केवळ कॉल-एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक देणे बंधनकारक केले. त्यानंतर एअरटेलने ८४ दिवसांचे ४६९ रुपयांना आणि वर्षाचे १,८४९ रुपयांना, तर जिओने ८४ दिवसांचे ४४८ आणि ३३६ दिवसांचे १,७४८ रुपयांना पॅक आणले. वार्षिक पॅकने महिन्याला दीडशेच्या आसपास पडतात. मुख्य नंबर प्रीपेडच राहतो, त्याला हात लावावा लागत नाही.

पण मूल शाळेत पोहोचले का किंवा आजोबा कुठे आहेत, हे पाहण्यासाठी घड्याळ घेतले असेल, तर हे पॅक उपयोगाचे नाही. जीपीएसने घड्याळाला स्वतःची जागा कळते, ती आई-बाबांच्या फोनपर्यंत पोहोचवायला डेटा लागतो. बाजारातल्या अगदी स्वस्त मुलांच्या घड्याळांबाबत आणखी एक सावधगिरी. त्यांतली कित्येक फक्त टूजीवर चालतात आणि जिओचे टूजी नेटवर्कच नाही. घरात पडून असलेले जिओचे सिम त्यात घातले तर काहीच होणार नाही. फोरजी घड्याळातही व्हीओएलटीई आहे ना, हे खोक्यावर वाचावे. जिओचे कॉल त्याशिवाय लागत नाहीत. अल्पवयीन मुलांच्या नावाने सिम मिळत नाही, ते पालकांच्याच नावावर घ्यावे लागते.

मुख्य नंबरावरचे फोन या दुसऱ्या नंबराकडे वळवता येतात. मात्र *४०१# डायल करून कॉल वळवण्याची सोय फसवणुकीच्या प्रकारांमुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला लावली. त्यामुळे आता हे काम फोनच्या सेटिंगमधून करावे. कुणी अनोळखी माणूस ‘हा कोड दाबा’ म्हणाला तर दाबू नये.

अमेरिकेहून भावाने आणलेले घड्याळ चालेल?

नेहमीच नाही. ॲपलने अनेक वर्षे अमेरिकेसाठी आणि युरोप-आशियासाठी वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीची मॉडेल विकली. आपल्याकडे जिओ ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर फोरजी चालवते. जुन्या अमेरिकी मॉडेलला यातला एखादाच पट्टा पकडता येतो किंवा कंपनी ते घड्याळ जोडूनच देत नाही. पाठीमागे कोरलेला मॉडेल क्रमांक भावाकडून आधी मागवावा.

बँकेचा ओटीपी घड्याळावर येतो का?

इथे बऱ्याच जणांची निराशा होते. ॲपल वॉचवर साधा एसएमएस यायचा तर आयफोन कुठेतरी चालू आणि नेटवर्कमध्ये असावा लागतो. तो घरी चार्जिंगला लावलेला असेल तर चालेल. साकीनाक्याच्या गर्दीत हरवला आणि चोराने बंद केला तर ओटीपी मनगटावर येणार नाही. कॉल मात्र येत राहतील.

बॅटरीचेही ऐका. सीरिज ३ वर एलटीईवरून बोलण्याची मर्यादा ॲपलनेच एक तास सांगितली होती, सीरिज ६ वर दीड तास. पत्र्याच्या शेडखाली किंवा जाड भिंतींच्या गाळ्यात सिग्नल क्षीण असतो आणि घड्याळाचा अँटेना लहान, त्यामुळे ते नेटवर्क शोधण्यातच बॅटरी खर्च करते. दिवसभर गाळ्यात काम असलेल्याने हे धरूनच चालावे.

घ्यायचेच ठरले तर आधी काय करावे?

घड्याळ घेण्याआधी प्लॅन बदलून पाहावा. प्रीपेडचे पोस्टपेड आता ओटीपीवर होते, नव्याने कागदपत्रे द्यावी लागत नाहीत. नाही जमले तर परत प्रीपेडवर येण्यासाठी पूर्वी ९० दिवस थांबावे लागे. जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने ही अट ३० दिवसांवर आणली. ही सवलत पहिल्या वेळेपुरती आहे, पुन्हा उड्या मारल्या तर ९० दिवस लागू होतात. एक बिल हातात पडू द्यावे, जीएसटीसह आकडा पाहावा आणि गॅलरीत तीन गोष्टी विचाराव्यात : आपल्या मॉडेलला सेवा आहे का, घड्याळाचे महिन्याचे शुल्क किती आणि ते सध्या मोफत असेल तर किती महिन्यांसाठी. तोंडी उत्तरावर न थांबता कंपनीच्या ॲपमधल्या चॅटवरही हेच विचारावे. त्याचा स्क्रीनशॉट पुढे बिलाची तक्रार करताना कामी येतो.