थडग्यातील जादूचे लाकूड

‘जेट’ म्हणताच तुम्हाला विमान आठवेल. पण हे जेट म्हणजे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे, गाळात दबून काळे कुळकुळीत झालेले लाकूड! इंग्लंडमधील व्हिटबीच्या किनाऱ्यावर ते सापडते.

१८७५ साली यॉर्कच्या रेल्वे स्थानकाच्या जागी एका रोमनकालीन स्त्रीचे थडगे उघडले. तिच्या अंबाड्यात जेटच्या दोन पिना तशाच खोवलेल्या होत्या! यॉर्कच्या इतर थडग्यांत मेडूसाचे मुख कोरलेली पदके मिळाली.

घासलेले जेट हलक्या वस्तू ओढून घेते, हे रोमनांना ठाऊक होते. त्यांना ती जादूच वाटली असावी. कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ धरा. तीच ‘जादू’ दिसेल! घर्षणाने इलेक्ट्रॉन एका पदार्थावरून दुसऱ्यावर जातात, इतकेच. रोमनांचे निरीक्षण अचूक होते, पुढचा ‘का?’ तुम्ही विचारा.