बी.पी.ची गोळी आणि जनुकाची सुई

विहारात रविवारची वंदना आटोपली की वडीलधारी माणसे एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतात. त्यात एक प्रश्न हमखास निघतो : "बी.पी.ची गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही म्हणतात, खरे काय?" लगेच दुसरे कोणी म्हणते, "आमच्या वडिलांना होते, आता आम्हाला. रक्तातच आहे, त्याला कोण काय करणार!" या दोन्ही बोलण्यांचा आज विचार करू. कारण रक्तदाबाला जनुकाच्या पातळीवर आवर घालण्याचे शास्त्र आता उंदरांवरून माणसांपर्यंत आले आहे.

आधी 'रक्तातच आहे' याचे पाहू. जनुक म्हणजे आईवडिलांकडून आलेली, पेशीत जपलेली सूचना. एकच जनुक बिघडून रक्तदाब चढला अशी घराणी फार थोडी. दहा लाखांहून अधिक लोकांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रक्तदाबाशी संबंध असलेली ५३५ नवी ठिकाणे सापडली. प्रत्येकाचा वाटा अगदी लहान. त्यावर मीठ, वाढलेले वजन, दारू आणि वय यांचा भार पडतो. जन्मावरून माणसाचे भवितव्य ठरते, हे आपण समाजात नाकारले. मग शरीराच्या बाबतीत तेच का मानायचे?

तथागतांनी आपल्याला कार्यकारणाची साखळी शिकवली. कारण दूर केले की परिणामही थांबतो. रक्तदाबाचीही अशी साखळी आहे. यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचे प्रथिन रक्तात सोडते. मूत्रपिंडातून आलेले रेनिन त्याचा तुकडा पाडते. त्या तुकड्यापासून अँजिओटेन्सिन-दोन बनते. ते रक्तवाहिन्या आवळते, शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते आणि दाब चढतो. एनालाप्रिलची गोळी हे अँजिओटेन्सिन-दोन बनू देत नाही. टेल्मिसार्टन त्याचे काम चालू देत नाही. म्हणजे गोळ्या साखळीच्या पुढच्या कड्या तोडतात. पहिलीच कडी तोडता येईल का, हा शास्त्रज्ञांपुढचा प्रश्न होता.

आपोआप रक्तदाब चढणारी उंदरांची एक जात जपानमध्ये १९६३ साली तयार झाली होती. तिच्या पिल्लांवर अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात प्रयोग झाला. तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणूचे वाहन करून या साखळीत अडथळा आणणारे जनुक पिल्लांच्या शरीरात पोहोचवले, आणि मोठेपणी त्यांचा दाब चढला नाही. आशा वाढली. परंतु १९९९ मध्ये यकृताच्या वेगळ्याच आजारावरील जनुक-उपचाराच्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा अमेरिकन तरुण मरण पावला. वाहक विषाणूविरुद्ध त्याच्या शरीरात तीव्र प्रतिक्रिया उठली होती. शास्त्रज्ञांना सावध व्हावे लागले.

पुढे दुसरा मार्ग सापडला. जनुकाला हात लावायचा नाही, त्याने धाडलेला निरोप तेवढा वाटेत नष्ट करायचा. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी ही क्रिया १९९८ मध्ये दाखवली आणि २००६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. याच तत्त्वावरचे झिलेबेसिरन हे औषध त्वचेखाली टोचतात. ते यकृतात जाऊन पहिली कडीच कमी करते. २०२३ मध्ये १०७ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. मोठ्या मात्रेच्या एका सुईने वरचा आकडा दहापेक्षा जास्त अंकांनी उतरला, आणि तो परिणाम २४ आठवडे टिकला. २०२४ मध्ये ३९४ रुग्णांची पुढची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात औषध नसलेली सुई घेणाऱ्यांच्या तुलनेत तीन महिन्यांनी सरासरी १४ ते १७ अंकांचा फरक दिसला.

मात्र आकडा उतरला म्हणजे हृदयविकार आणि लकवा टळला, असे अजून सिद्ध व्हायचे आहे. शिवाय जुलाब-उलट्यांनी दाब खाली गेला तर गोळी दुसऱ्या दिवशी थांबवता येते. सहा महिन्यांची सुई टोचल्यावर परत घेता येत नाही. या साखळीवरच्या गोळ्या गरोदरपणात बाळाला अपाय करतात, म्हणून तेथेही जपावेच लागेल. आणि उद्या ही सुई बाजारात आली तर ती सरकारी दवाखान्यातल्या रांगेपर्यंत पोहोचली पाहिजे, ही मागणी आपण आजपासूनच धरली पाहिजे.

तोवर सुईच्या आशेने हातातली गोळी सोडू नका. गोळीचे व्यसन लागत नाही. तिचा परिणाम साधारण दिवसभराचा, म्हणून ती रोज घ्यायची. आकडा बरोबर आला तो गोळीमुळेच, म्हणून ती परस्पर बंद करायची नाही. वजन उतरले, मीठ घटले तर मात्रा कमी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाही भरणार नाही इतकेच मीठ. पापड, लोणचे, खारवलेली मासळी यांतले मीठही त्यातच धरायचे. 'जनुकाच्या औषधाने बी.पी. कायमचे बरे' अशी जाहिरात दिसली, तर पुरावा मागा. ऐकले म्हणून खरे मानू नका, ही तर आपल्या धम्माचीच शिकवण आहे.

आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हातांनी धुऊन स्वच्छ केले होते. आपल्या घरात तेवढे अवघड काही करायचे नाही. शिकत्या मुला-मुलींनी या आठवड्यात आईवडिलांना जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे, दाब मोजून घ्यावा आणि आकडा वहीत लिहून ठेवावा.