क्रूसाकृती, शोभनात्मक

क्रूसाकृती, शोभनात्मक : कुलचिन्हविद्येत व चर्च-वास्तूंत आढळणारे क्रूसाचे अलंकृत प्रकार. बाराव्या शतकात यूरोपात ढालींवर ओळखचिन्हे रंगविण्याची प्रथा रूढ झाली. क्रूस अनेकांचे चिन्ह असल्याने भुजांची ठेवण, टोके व रंग यांत भेद करून घराणी व धर्मयोद्ध्यांचे संघ वेगळे ओळखले जात.

प्रकार : खालची भुजा लांब असलेला तो लॅटिन व चारही भुजा समान असलेला तो ग्रीक क्रूस होय. सेंट अँड्रू क्रूस गुणाकाराच्या चिन्हासारखा तिरपा असून तो स्कॉटलंडच्या ध्वजावर आहे. भुजाग्री त्रिदल असल्यास ते पवित्र त्रैक्याचे प्रतीक मानतात. जेरूसलेम क्रूसात मोठ्या क्रूसाच्या चार कोनांत चार लहान क्रूस असतात. हे पाच क्रूस ख्रिस्ताच्या पाच जखमांचे सूचक मानले जातात. माल्टा क्रूसाच्या भुजा टोकांशी दुभंगलेल्या असल्याने त्यास आठ टोके असतात. बाहेर रुंदावत जाणाऱ्या, परंतु न दुभंगलेल्या भुजांचा प्रकार याहून वेगळा. या दोहोंत गल्लत होते : १८५६ च्या आज्ञापत्रात ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ पदक माल्टा क्रूसाचे म्हटले आहे, प्रत्यक्षात त्याचा आकार दुसऱ्या प्रकारचा आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील पराक्रमाबद्दल यशवंत घाडगे (१९४४, मरणोत्तर) व नामदेव जाधव (१९४५) या मराठा पलटणींतील सैनिकांना हेच पदक मिळाले.

महाराष्ट्र व गोवा : पोर्तुगालमध्ये १३१९ मध्ये स्थापन झालेल्या ख्रिस्त-संघाचा, आत पांढरा क्रूस असलेला तांबडा क्रूस पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर झळके. वसई १५३४ पासून १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकेपर्यंत पोर्तुगीजांकडे होती. अशा ठिकाणच्या शिल्पांत हा क्रूस केवळ धर्मचिन्ह नसून राजसत्तेची मुद्राही असतो. याउलट, २००१ मध्ये गोव्यात आगशीनजीक झुआरीकाठी सापडलेला पहलवी लेखयुक्त क्रूस पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेशी नाते सांगतो. मुंबई परिसरातील गावठाणांत पायऱ्यांच्या चौथऱ्यावर उभे केलेले क्रूस आढळतात. त्यांपैकी काही १८९६ च्या प्लेगच्या साथीशी निगडित आहेत. तीन पायऱ्या श्रद्धा, आशा व प्रीती यांच्या निदर्शक मानतात.

आकार, पायऱ्या व लेख यांवरून अशा क्रूसांचा काळ व कर्ते यांचा माग लागतो. म्हणून रस्तारुंदीकरणात ते हलविताना किंवा नव्याने बांधताना मूळ घडण बदलल्यास, लिखित नोंदी नसलेल्या वस्त्यांच्या इतिहासाचा एक पुरावाच नाहीसा होतो.