फिरत्या चाकावरचीं बटणें

मोटारींत बसून गाणें किंवा बातम्या ऐकणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. नवल असेल तर तें इतकेंच कीं, ज्या रेडिओनें प्रवासाचा शीण हलका करावयाचा, तोच कित्येकदां चालकाची नजर रस्त्यावरून काढून घेतो. जुन्या गाडींत रेडिओ डॅशबोर्डाच्या मध्यभागीं बसविलेला असतो. आवाज कमी करावयाचा किंवा केंद्र बदलावयाचें, तर डावा हात चाकावरून उचलावा लागतो आणि हाताच्या मागोमाग डोळेहि जातात. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर पुढें सरकते. ताशीं ८० चा वेग असेल तर ४४ मीटर. तेवढें अंतर ती गाडी चालकाच्या नजरेवांचून कापते, असाच याचा अर्थ.

अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला अहमदनगर म्हणत त्या मुलखांत, हे ४४ मीटर फार मोलाचे आहेत. ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला म्हणजे राहुरी, श्रीरामपूर, कोपरगांव, संगमनेर या बाजूच्या रस्त्यांवर उसानें खचाखच भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रीं-अपरात्रीं चालूं लागतात. पुष्कळांच्या मागें दिवा नसतो, असलाच तर उसाच्या पाचटांत झांकलेला असतो. नगर-मनमाड रस्त्यानें रात्रीं गाडी हांकणाऱ्याला अशी ट्रॉली दिसते तीच मुळीं हाकेच्या अंतरावर. त्या क्षणीं त्याचे डोळे रेडिओच्या पडद्यावर असतील तर पुढें काय होईल, तें सांगावयास नको.

ही अडचण ओळखूनच गाड्या बनविणाऱ्यांनीं रेडिओचीं बटणें स्टिअरिंगच्या चाकावर, आंगठ्याच्या टप्प्यांत आणून ठेवलीं. तथापि ज्यांच्या दारांत दहा-पंधरा वर्षांची सुस्थितींतली गाडी उभी आहे, त्यांना केवळ बटणांसाठीं नवी गाडी घेणें परवडत नाहीं, आणि शहाणपणाचेंहि नव्हे. जुना रेडिओ काढून त्यांनीं पडद्याचा नवा संच बसविलेला असतो. संचाच्या मागें चाकावरच्या बटणांसाठीं एक-दोन तारा मोकळ्या सोडलेल्या असतात. त्या पाहून मालकाच्या मनांत येतें कीं, बटणें आणावीं आणि जोडून टाकावीं. काम दिसतें तासाभराचें. परंतु त्यांतली खरी मेख रेडिओंत नसून चाकांत आहे: जें फिरतें आहे त्यांतून जें स्थिर आहे त्यांत तार न्यावयाची कशी?

या प्रश्नाचें एक उत्तर नगर शहरांतच पाहावयास मिळतें. तेथील लष्करी हद्दींतल्या रणगाडा संग्रहालयांत शेरमन, सेंच्युरियन अशा जातीचे अनेक जुने रणगाडे मांडलेले आहेत. रणगाड्याचा बुरूज खालच्या धडावर वाटेल तितक्या वेळां गरगर फिरतो. आणि वीज तर धडांतून बुरुजांत पोंचावयास हवी, बोलण्याचीं यंत्रेंहि चाललीं पाहिजेत. तार सरळ नेली तर दोन फेऱ्यांत तिचा पीळ होऊन ती तुटेल. म्हणून बुरुजाच्या मध्यावर धातूचीं कडीं बसवितात आणि त्या कड्यांवर टेकून घासत राहणाऱ्या पट्ट्यांतून वीज खालींवर नेतात. कडें फिरो अथवा न फिरो, पट्टीचा स्पर्श सुटत नाहीं.

जुन्या मोटारींच्या हॉर्नची युक्ति हीच. चाकाखालीं पितळेचें एक कडें आणि त्याला टेकलेली स्प्रिंगची पट्टी. एवढ्यावर हॉर्न वर्षानुवर्षें वाजत आला. चाक वळवितांना मधूनच हॉर्न न वाजणें किंवा आपोआप वाजणें हा अनुभव जुन्या गाडीच्या कुटुंबांत नवा नाहीं. तें कडें झिजल्याचें लक्षण होय. हॉर्नला हें घासणें चालतें, कारण त्याला वाजणें किंवा न वाजणें एवढेंच ठाऊक. रेडिओच्या बटणांना तें चालत नाहीं. तें कां, हें पुढें कळेल.

मोटारीचें चाक रणगाड्याच्या बुरुजासारखें अमर्याद फिरत नाहीं. या टोकापासून त्या टोकापर्यंत तें साधारण तीन-चार फेरेच घेतें. त्यामुळें कड्याऐवजीं दुसरी, अधिक नाजूक सोय करतां येते. एका चपट्या डबींत तारांची लांब फीत घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळून ठेवतात. चाक एका बाजूला वळलें कीं फीत आवळते, दुसऱ्या बाजूला वळलें कीं सैल होते. कारागीर या डबीला ‘क्लॉक स्प्रिंग’ म्हणतात, तें नांव अगदीं यथार्थ आहे. फितींत कोठेंहि घासणें नाहीं, म्हणून तिच्यांतून जाणारा संदेश स्वच्छ राहतो. मात्र चाकें सरळ असतांना फीत बरोबर मध्यावर असली पाहिजे. डबी बसवितांना ती एक-दोन फेऱ्यांनीं चुकली, तर गाडी अंगणांत ठीक चालते आणि पहिल्याच घाटांत पूर्ण वळण घेतांना फीत ताडकन् तुटते. मग बटणें तर गेलींच, हॉर्नहि मुका होतो, आणि एअरबॅग असेल तर तिचा संबंधहि तुटतो.

आतां बटणांकडे वळूं. चाकावर सहा बटणें असलीं तरी सहा तारा नेत नाहींत. बहुधा दोन-तीनच पुरतात. याचें रहस्य प्रवरेच्या कांठच्या बागायतदाराला चटकन् उमजेल. १९२६ सालीं पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाचें पाणी कालव्यांतून चाऱ्यांना येतें. समजा, एका चारीवर लहानमोठीं सहा दारें आहेत आणि एका वेळीं एकच उघडावयाचें आहे. चारीच्या मुखाशीं बसलेला पाटकरी जागचा न हलतां, नुसती पाण्याची पातळी किती उतरली तें पाहून, कोणतें दार उघडलें तें सांगूं शकेल. रेडिओचा संच अगदीं असाच पाटकरी आहे. प्रत्येक बटणाला निराळ्या मापाचा विद्युत्-रोध जोडलेला असतो: एकाला समजा शंभर ओहम, दुसऱ्याला तीनशें, तिसऱ्याला हजार. संच त्या तारेंतून अल्पसा दाब देऊन ठेवतो. बटण दाबतांच तो दाब ठराविक मापानें उतरतो आणि त्यावरून संच ओळखतो, हें आवाजाचें बटण, हें केंद्राचें.

पितळेच्या झिजलेल्या कड्याला येथें स्थान कां नाहीं, तें यावरून स्पष्ट होईल. मळलेल्या कड्याचा स्वतःचा रोध बटणाच्या रोधांत मिसळतो. मग आवाज वाढविण्यास जावें आणि बातम्यांच्या जागीं भलतेंच केंद्र लागावें, असा प्रकार होतो. पावसाळ्यानंतर जोडांना गंज चढला कीं हाच दोष फितीच्या गाडींतहि दिसतो, आणि दोष बटणांचा समजून लोक बटणें बदलीत बसतात.

बाजारांतल्या बहुतेक नव्या संचांना ‘शिकवावें’ लागतें. संचाच्या पडद्यावर ‘आवाज वाढवा’ हें काम निवडावयाचें आणि चाकावरचें बटण क्षणभर दाबून धरावयाचें. तो त्या बटणाचें माप लक्षांत ठेवतो. दोन बटणांना तो एकच समजूं लागला तर बहुतेक वेळां परतीची, म्हणजे जमिनीची, तार नीट जोडलेली नसते.

ही रीत सर्व गाड्यांना लागू पडत नाहीं. पुष्कळशा नव्या रचनेच्या गाड्यांत बटणें थेट रेडिओशीं बोलत नाहींत. तीं गाडीच्या संगणकाला सांगतात आणि संगणक सांकेतिक भाषेंत पुढें निरोप धाडतो. जर्मनीच्या बॉश कंपनीनें १९८६ सालीं जगापुढें मांडलेली ‘कॅन’ ही पद्धति ती हीच. अशा गाडींत संचाची तार नुसती जोडून कांहींच घडत नाहीं. मध्यें भाषांतर करणारी एक लहान पेटी घ्यावी लागते, आणि ती त्याच जातीच्या गाडीसाठीं बनलेली असावी लागते. कोणती रचना आहे हें मीटर लावून कळतें. बटणांच्या तारा संचापासून सोडवून, गाडी बंद असतांना एकेक बटण दाबावें. प्रत्येक वेळीं ओहमचा आंकडा बदलला तर पहिली रचना समजावी. हा मीटर केवळ बटणांच्या तारांना लावावयाचा, एअरबॅगच्या पिवळ्या जोडाच्या तारांना कदापि नाहीं. मीटरची क्षीण वीजहि तिला पेटविण्याचें निमित्त होऊं शकते.

एअरबॅग हा या सर्व कामांतला जोखमीचा भाग होय. भारतांत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारींत चालकापुढें ती असणें १ जुलै २०१९ पासून सक्तीचें झालें; त्यापूर्वींच्या गाड्यांत ती असेल किंवा नसेलहि. चाकाच्या मध्यावर ‘एस्. आर्. एस्.’ हीं अक्षरें असलीं तर ती आहे. अपघाताच्या धक्क्यासरशीं ती सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आंत फुगते. तोंडाजवळ हात घालून काम करणाऱ्या माणसाला ती सावध होण्यास वेळ देत नाहीं. म्हणून अशा गाडींत चाक उघडण्याआधीं बॅटरीची ऋण तार सोडवून, गाडीच्या पुस्तिकेंत दिली असतील तितकीं मिनिटें थांबावें लागतें, कारण यंत्रणेंत सांठलेली वीज लगेच ओसरत नाहीं. हें काम शिकलेल्या कारागिराचेंच. चार पैसे वांचविण्याची ही जागा नव्हे.

आणखी एक प्रघात पडूं पाहत आहे, तो तर सरळ घातक म्हटला पाहिजे. त्याच जातीच्या महागड्या गाडीचें बटणांचें चाक भंगारांतून आणून साध्या गाडीला बसवितात. चाकाबरोबर एअरबॅगहि येते, पण तिला धक्का कळविणारी यंत्रणा गाडींत नसते. घरच्या मंडळींचा समज मात्र होतो कीं गाडी अधिक सुरक्षित झाली. ज्या गाडींत यंत्रणा आहे, तींत चूक झाली तर समोरचा एअरबॅगचा दिवा जळत राहतो. तेव्हां कांहीं ठिकाणीं एक रोध जोडून दिव्याला गप्प करतात. दिवा विझतो, बॅग फुगत नाहीं.

ज्यांच्या चाकावर बटणें नाहींत आणि चाक उघडण्याची तयारीहि नाहीं, त्यांच्यासाठीं पट्ट्यानें चाकाच्या कडेला बांधावयाचीं बिनतारी बटणें मिळतात. आंत एक चपटा सेल असतो, तो संपला कीं बदलावा. दिसण्यांत तीं जरा उपरीं वाटतात. पण साध्या जुन्या गाडीला पुष्कळदां हाच मार्ग उत्तम. तीं चाकाच्या कडेवरच असावीं. मधल्या झांकणावर चिकटविलीं तर एअरबॅग फुगतांना तींच गोळीसारखीं तोंडावर येतील. रेनो कंपनीनें तर मुळांतच हा प्रश्न टाळला होता: २०१२ सालीं भारतांत आलेल्या तिच्या डस्टर गाडींत रेडिओचीं बटणें चाकामागच्या स्थिर दांडीवर होतीं. दांडी फिरत नाहीं, म्हणून फितीचीहि गरज नाहीं.

काम पुरें झाल्यावर कारागिराला पैसे देण्यापूर्वीं गाडी उभी ठेवूनच चाक दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवावें आणि प्रत्येक टोकाला हॉर्न व एकूण एक बटण दाबून पाहावें. किल्ली फिरवितांच एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि थोड्याच सेकंदांत विझला पाहिजे. तो मुळींच न लागणें हेंहि विझून न जाण्याइतकेंच संशयास्पद आहे. चाकाच्या मधला नट पुस्तिकेंत सांगितलेल्या जोरानेंच आवळला आहे काय, हें त्याच वेळीं विचारून घ्यावें.