वाडीतील घर आणि विजेची काटकसर

उत्तरेस वैतरणेचे मुख व दक्षिणेस वसईची खाडी यांच्या दरम्यान जी सपाट किनारपट्टी आहे, तीवर वसईच्या वाड्या पसरल्या आहेत. आगाशी, नाळे, वाघोली, निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल ही नावे उच्चारताच केळी, पानवेली, मोगरा, सोनचाफा आणि ताजा भाजीपाला डोळ्यांपुढे उभा राहतो. हा भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आला. त्याआधीच, २००९ साली, वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली होती. आज वाडीच्या कुंपणापलीकडे उंच इमारती दिसतात आणि शहरातील घराची सर्व साधने वाडीतील घरातही आली आहेत. या साधनांबरोबर विजेचे बिलही आले. वाडीच्या उत्पन्नातून दरमहा जो नक्त खर्च वजा होतो, त्यात हे बिल आता ठळकपणे दिसू लागले आहे. खताचा व मजुरीचा हिशेब काटेकोर ठेवणारा बागायतदार विजेचा हिशेब मात्र क्वचितच मांडतो. तो कसा मांडावा व वीज कोठे वाचू शकते, याचा येथे विचार केला आहे.

युनिट म्हणजे काय

एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. शंभर वॉटचे उपकरण दहा तास चालले तरी खर्च तितकाच. उपकरणावरील वॉटचा आकडा, उपकरणांची संख्या आणि रोजचे तास यांचा गुणाकार करून त्यास एक हजाराने भागले की रोजचे युनिट निघतात. एवढे गणित शाळेत जाणारे मूलही करू शकते आणि घरोघरी ते एकदा तरी करून पाहण्याजोगे आहे.

उदाहरणादाखल एक घर घेऊ. त्यात जुन्या चोकच्या चार ट्यूबलाइट आहेत. चोकसह प्रत्येकीस सुमारे ५० वॉट लागतात व त्या रोज पाच तास जळतात, म्हणजे खर्च १ युनिट. ७५ वॉटचे चार पंखे रोज बारा तास फिरतात, म्हणजे खर्च ३.६ युनिट. दोहोंची बेरीज ४.६ युनिट झाली. आता ट्यूबलाइटच्या जागी २० वॉटच्या एलईडी नळ्या बसविल्या व जुन्या पंख्यांच्या जागी बीएलडीसी मोटरचे ३० वॉटचे पंखे लावले, तर दिव्यांचा खर्च ०.४ व पंख्यांचा १.४४, असा एकूण १.८४ युनिटवर येतो. उजेड व वारा तेवढाच मिळून रोज सुमारे पावणेतीन युनिट, म्हणजे महिन्यास सुमारे ८३ युनिट वीज वाचते.

या बचतीचे मोल युनिटांच्या संख्येवरून दिसते त्याहून अधिक आहे. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे आहेत. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी असतो. १०१ ते ३०० युनिटांचा त्याहून बराच जास्त, व पुढे आणखी चढता. घराचा मासिक वापर १८० युनिट असेल, तर त्यातील वरची ८० युनिटे महागड्या टप्प्यात पडतात. वरील फेरफारानंतर वापर ९७ युनिटांवर येतो. सबब जी वीज वाचते ती जवळजवळ सर्वच महागड्या टप्प्यातील असते. स्थिर आकार मात्र तसाच राहतो, हे ध्यानात ठेवावे.

उपकरणे निवडताना

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोची स्थापना २००२ साली झाली. २००६ पासून ब्यूरोने उपकरणांवर तारांकित पट्टी लावण्याची पद्धत सुरू केली. छताच्या पंख्यांना ही पट्टी १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली आहे. एक तारा म्हणजे कमी कार्यक्षम व पाच तारे म्हणजे सर्वाधिक कार्यक्षम. परंतु केवळ तारे मोजून थांबू नये. ब्यूरो ठरावीक काळाने आपली कसोटी कडक करीत असते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांच्या बरोबरीचे नसतात. फ्रिज घेताना पट्टीवर छापलेला वर्षाच्या युनिटांचा आकडा वाचावा. दोन फ्रिजमध्ये वर्षास शंभर युनिटांचा फरक असेल आणि फ्रिज बारा वर्षे टिकणार असेल, तर तो फरक बाराशे युनिटांचा होतो. दुकानात किमतीतील फरकाशी त्याची तुलना करावी.

बीएलडीसी पंख्यास जुना रेग्युलेटर जोडून ठेवू नये. पंख्याची गती त्याच्या स्वतःच्या रिमोटने बदलावी. या पंख्याचा आणखी एक लाभ वसईकरांस विशेष वाटेल. पावसाळ्यात वीज गेली म्हणजे अनेक घरी इन्व्हर्टरवर पंखे चालतात. ७५ वॉटचा पंखा ज्या बॅटरीवर चार तास चालतो, तिच्यावर ३० वॉटचा पंखा त्याच्या दुपटीहून अधिक काळ चालू शकतो.

वापरात नसताना वीज ओढणाऱ्या उपकरणांकडेही लक्ष द्यावे. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स १० वॉट घेत अहोरात्र चालू राहिला, तर महिन्यास सव्वासात युनिट जातात. रात्री भिंतीवरील बटण बंद करणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. ठरल्या वेळी बंद होणारे किंवा मोबाइलवरून चालविता येणारे प्लगही आता बाजारात मिळतात. जेथे विसर पडतो तेथे त्यांचा उपयोग होतो.

घराचे छप्पर व पश्चिमेची भिंत

वसईची जुनी घरे उतरत्या कौलारू छपराची असत. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई, माळ्यामुळे खालच्या माजघरास ऊन जाणवत नसे आणि पडवीमुळे भिंती सावलीत राहत. ती रचना पंख्याच्या आधीच्या काळातील होती व म्हणूनच ती थंड होती. आजचे स्लॅबचे घर टिकाऊ आहे. पण स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता रात्री खाली सोडतो. मग पंखा जोराने फिरवूनही तो गरम हवाच ढवळतो, व अखेरीस वातानुकूलन यंत्र घेण्याची पाळी येते.

यावर दोन सोपे उपाय आहेत. पहिला म्हणजे गच्चीस पांढरा रंग देणे. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा बराच भाग परत फेकतो. साधा चुना स्वस्त आहे, पण वसईच्या पावसात तो टिकत नाही. तो द्यावयाचा असल्यास दरवर्षी फेब्रुवारीअखेर, उन्हाळा तापण्यापूर्वी द्यावा. दुसरा उपाय पुष्कळ घरी नकळत झालेलाच आहे. पावसासाठी गच्चीवर पत्र्याची शेड घातलेली असते. तिच्या बाजू बंद केल्या तर आत भट्टी तयार होते. समोरासमोरच्या दोन बाजू मोकळ्या ठेवल्या, तर वारा आरपार जातो आणि स्लॅबवर सावली राहते.

पश्चिमेचा प्रश्न थोडा नाजूक आहे. दुपारनंतरचे कडक ऊन पश्चिमेकडून येते आणि समुद्राचा सुखद वाराही तिकडूनच येतो. यास्तव पश्चिमेची खिडकी बुजवू नये. तीवर रुंद छज्जा काढावा, अथवा पुढे मांडव उभारून दोडका, पडवळ यांसारखा वेल चढवावा. नारळाचे झाड या कामी उत्तम. त्याची सावली उंचावरून पडते आणि खोडांमधून वारा मोकळा येतो. केळी मात्र भिंतीस खेटून लावू नयेत. त्यामुळे ओल धरते, डास वाढतात व वाराही अडतो.

वातानुकूलन यंत्र असलेल्या घरी ते २४ अंशांवर ठेवावे. तापमानाचा आकडा एक अंशाने वाढविला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरोचे सांगणे आहे. त्याच्या जोडीस मंद पंखा लावला तर सुखात उणेपणा येत नाही.

विहिरीवरील पंप

वसईच्या वाड्यांना पूर्वी विहिरींवरील व बावखलांवरील रहाट पाणी पुरवीत. बैल अथवा रेडा फिरे, माळेतील लोटे भरून येत आणि पाटाने पाणी वाफ्यात जाई. रहाटाची गती जनावराच्या दमाइतकीच असे, म्हणून उपसाही बेताचा होई. पंपास दम लागत नाही. येथे विजेच्या प्रश्नास पाण्याचा प्रश्न येऊन मिळतो.

किनाऱ्यालगतच्या वाळूत गोडे पाणी हे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते वजनाने थोडे हलके असते. शास्त्राच्या ढोबळ नियमाप्रमाणे गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट वर असेल, तर तिच्याखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. अतिउपशाने वरची पातळी एक फुटाने कायमची उतरली, तर खारे पाणी खालून कालांतराने चाळीस फुटांपर्यंत वर चढू शकते. एकदा विहीर मचूळ झाली की पानवेल व फुलझाडे प्रथम सुकतात. टाकी भरून वाहत असताना चालू राहिलेला पंप केवळ वीज वाया घालवीत नाही. वाडीचे भांडवलही रिते करतो.

म्हणून घरच्या पंपावर टाकी भरताच तो आपोआप बंद करणारी यंत्रणा बसवावी. फूटव्हॉल्व्ह घर्षण कमी करणारा, मोठ्या छिद्रांचा असावा व त्याची जाळी वरचेवर साफ करावी. नळास अनावश्यक कोपरे देऊ नयेत. नळ पंपाच्या तोंडापेक्षा अरुंद नसावा. गळणारे सांधे त्वरित बंद करावेत. एक अश्वशक्तीचा पंप तासास सुमारे एक युनिट वीज घेतो. वरील सुधारणांनी टाकी जितकी लवकर भरेल, तितकी ती बचत होय. पावसाळ्यात गच्चीचे पाणी गाळून विहिरीत सोडल्यास पातळी वर राहते, पंपाला कमी उंचीवरून पाणी खेचावे लागते, आणि खाऱ्या पाण्यासही अटकाव होतो. वाडीतील बावखल बुजवू नये, याचे एक कारण हेही आहे.

सूर्यापासून वीज

गच्चीवर सौर पट्ट्या बसवून वीज निर्माण करणे आता सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटमागे ३०,००० रुपये व तिसऱ्या किलोवॉटसाठी १८,००० रुपये केंद्राचे साहाय्य ठरविण्यात आले. तीन किलोवॉट अथवा अधिक क्षमतेस ते ७८,००० रुपयांपुरते मर्यादित आहे. एका किलोवॉटसाठी सुमारे शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते व तिच्यापासून वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे चार युनिट वीज मिळते.

यावरून एक महत्त्वाचा क्रम निघतो. आधी काटकसर, मग निर्मिती. १८० युनिट वापरणाऱ्या घराला दीड किलोवॉटची गरज भासते. तेच घर ९७ युनिटांवर आले तर एका किलोवॉटमध्ये भागते. पंखे व दिवे बदलण्याचा खर्च अशा रीतीने सौर पट्ट्यांच्या खर्चातून अंशतः परत मिळतो.

पट्ट्या दक्षिणाभिमुख व सुमारे वीस अंश कलत्या बसवाव्यात. नारळाच्या झावळीची सावली एका पट्टीवर पडली तरी साऱ्या ओळीची वीज घटू शकते. त्यासाठी झाड तोडू नये. सकाळपासून दुपारपर्यंत उन्हाची पाहणी करून जागा निवडावी. खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड लवकर गंजते, म्हणून सांगाडा जस्तलेपित व बोल्ट गंजरोधक असावेत. मे २०२१ मधील तौक्ते वादळाचा तडाखा या किनारपट्टीस आठवतो. सांगाडा पक्का बांधणे हा खर्च टाळण्याजोगा नाही. बॅटरी नसलेली, महावितरणच्या तारेस जोडलेली यंत्रणा वीज गेली असता स्वतःही बंद पडते, कारण एरवी तारेवर काम करणाऱ्या कामगाराच्या जिवास धोका पोहोचेल. ही गोष्ट घेणाऱ्यास अगोदरच सांगितली पाहिजे, म्हणजे पुढे निराशा होणार नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

कार्यकर्त्याने प्रथम एका घरी बसून, मागील बारा महिन्यांची बिले समोर ठेवून, उपकरणांची यादी करावी. घरातील स्त्रियांस त्यात अवश्य सामील करून घ्यावे. कोणते उपकरण किती तास चालते हे त्यांनाच ठाऊक असते. मग सुधारणांचे तीन गट पाडावेत. पहिल्यात बिनखर्चाचे: बटणे बंद करणे, फ्रिज भिंतीपासून थोडा दूर ठेवणे, डाळ भिजवून कुकरमध्ये शिजविणे. दुसऱ्यात थोड्या खर्चाचे: दिवे, पंखे, फूटव्हॉल्व्ह, गच्चीचा रंग. तिसऱ्यात मोठे: फ्रिज व सौर पट्ट्या. जुन्या घरात तारा व अर्थिंग तपासून घेणे हे सर्वांच्या आधी यावे. दमट हवेत सदोष तारेमुळे वीज तर जातेच, प्रसंगी प्राणही जातो.

पहिल्या गटापासून आरंभ करून तीन महिन्यांची बिले मागील वर्षाच्या त्याच महिन्यांशी पडताळून पाहावीत. एका घरचा आकडा उतरला की शेजारचा बागायतदार आपण होऊन चौकशीस येतो. वाडीत नव्या केळीची जात अशीच पसरते. विजेची काटकसरही तशीच पसरेल. जे पैसे वाचतील ते खतास, रोपांस व मुलांच्या शिक्षणास कामी येतील, आणि जे पाणी वाचेल ते पुढील पिढीच्या वाडीस गोडे राहील.